बाऊजींना वाट दाखवणारी घोडी

सासऱ्यांना आम्ही बाऊजी म्हणायचो. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले आणि मंचरच्या पेठेतून त्यांना रोज सकाळी मंदिरात नेण्याचं काम माझ्याकडं आलं. माझं माहेर जालन्याच्या पलीकडं. सातवीतून शाळा सुटली ती लग्नासाठीच. सासरी त्यावरून मला कुणी कधी टोचलं नाही, त्या उपकारापोटी कुठल्याच कामाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. पण आम्हा मारवाड्यांत सून सासऱ्याशी बोलत नसे, हात धरणं तर लांबच. काठीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. त्यात माझा पदर नाकापर्यंत. म्हणजे आंधळ्याला वाट दाखवणारीलाही निम्मंच दिसायचं. खड्डा आला की मी बांगड्या वाजवायची. तो डावीकडं आहे की उजवीकडं, हे बांगड्या काय सांगणार? एकदा बाऊजी गटारात गेले. माझ्या नवऱ्यानं निकाल दिला, "आता घरीच माळ ओढा."

मंदिर बंद झालं तसे बाऊजी अर्ध्या ताटावरून उठायला लागले.

त्याच सुमारास टीव्हीवर हिंदीतून एक कार्यक्रम लागला. परदेशात कुठं तरी, कमरेलाही न लागणारा घोडा एका आंधळ्या बाईला रस्ता पार करून देत होता. नवरा बघून सांगत होता, बाऊजी ऐकत होते. कुत्रा हे काम करतो हे त्यांना ठाऊक होतं, पण मांस खाणारं जनावर आमच्या घरात येणं शक्य नव्हतं. "घोडा गवत खातो," बाऊजी म्हणाले. झालं, ठरलं.

महाळुंगे पडवळचे एक शेतकरी आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी दुकानात बसल्या बसल्या तोडगा काढला. "शेठ, एवढं बारकं घोडं आपल्याकडं न्हाई मिळायचं. पण माझी घोडी हाय, ठेंगणी. फुडं चालायची तिला लई सवय."

सवय होतीच. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्याच्या पुढं घोडी पळवतात आणि बैल तिच्या मागं धावतात. वाट दाखवणाऱ्याला पुढंच चालायचं असतं, म्हणजे निम्मं शिक्षण आधीच झालेलं. सगळ्यांना पटलं. खरं सांगते, मलाही पटलं.

आता तिला उरलेलं शिकवायचं कुणी? मीच. लीद उचलायची मी, गवत घालायचं मी. परसात घोडीच्या दोरामागं बाऊजी, आणि बाजूला मी घोडीला सांगतेय, थांब, डावीकडं घे. घोडी ढिम्म. थांबायचे ते बाऊजी.

"घोडीला सांग नं," ते म्हणायचे.

मी तिलाच सांगत होते, पण हे त्यांना सांगणार कशी?

शेवटी एके सकाळी निघालो. दोर बाऊजींच्या मनगटाला गुंडाळलेला, मी चार पावलं मागं. कोपऱ्यापर्यंत सगळं छान. मग मागून उसाची बैलगाडी आली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या, आणि घोडीचे कान उभे राहिले. मागं बैल आले की पळायचं, एवढं एकच तिला कुणी नीट शिकवलेलं होतं. ती सुटली. मागं बाऊजी फरफटत.

"बाऊजी, दोर सोडा. सोडा म्हणते ना," मी ओरडले.

त्यांनी मनगट झटकलं, दोर सुटला, आणि ते मेथीच्या जुड्यांवर बसले. घोडी पेठेच्या टोकाला दिसेनाशी झाली. भाजीवाली म्हणाली, "शेठ, पयला नंबर तुमचाच."

तिकडच्या घोड्यांना म्हणे लहानपणापासून याच कामाचं शिक्षण देतात. मग जमतही असेल. आमच्या घोडीचे मालक न्यायला आले तेव्हा म्हणाले, "तिची काय चूक? तिनं तिचं काम केलं."

घरी नवरा पुन्हा म्हणाला, मंदिर बंद. बाऊजी गुडघ्याला हळद लावून घेत होते. "सून घोडीला सांगायची ते मला समजत होतं. आता मलाच सांगू दे."

सासूबाई म्हणाल्या, "सुनेचा आवाज पेठेत जाणार?"

"गेलाय तो. सगळ्यांनी ऐकलाय."

दुसऱ्या दिवसापासून मी बोलायला लागले, आणि बाऊजीही. डावीकडं घ्या म्हटलं की, "का? रस्ता तर सरळ आहे." खड्डा आहे म्हटलं की, "इथं कधीच खड्डा नव्हता." आम्ही भर रस्त्यात वाद घालत उभे, आणि मागं टेम्पोवाला हॉर्न देतोय.