हॅम्बर्गचा कौल

माझ्या मैत्रिणीला लाइपझिगहून मेडिकलच्या प्रवेशाची मेल आली, तेव्हा मी आमच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये पोहे परतत होते. हॅम्बर्गची जागा तिला आधीच मिळाली होती. म्हणजे आता दोन झाल्या. मी "अभिनंदन गं" म्हणाले आणि पोह्यांत दुसऱ्यांदा मीठ घातलं. तिनं ते खारट पोहे मुकाट्यानं खाल्ले, आणि मला त्याचाही राग आला.

आम्ही दोघी हॅम्बर्गलाच श्टुडिएनकोलेगला होतो. परदेशी मुलांना इथे थेट मेडिकलला घेत नाहीत. आधी हा वर्षभराचा कोर्स करा, परीक्षा द्या, मग विद्यापीठांकडे अर्ज करा. ती कणकवलीजवळच्या एका गावातली, मी लातूरची. लातूरची म्हटल्यावर वेगळं सांगायला नको, आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याला मेडिकलच्या क्लासला घालतात. अभ्यासात मी तिच्यापेक्षा काडीची कमी नव्हते. केमिस्ट्री तर तिला मीच शिकवली. आणि शेवटच्या परीक्षेत तिचे मार्क माझ्याहून जरासे जास्त आले. जरासेच. तेवढ्यावर तिला दोन विद्यापीठं आणि मला हॅम्बर्गची वेटिंग लिस्ट.

माझं नाव यादीत बरंच वर आहे, एवढंच ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. नेमकं कितवं, ते सांगायचा नियम नव्हता. कुणी जागा सोडली तर ती यादीतल्या पुढच्याला जाणार. परदेशी मुलांसाठी जागा मुळातच मोजक्या, त्या सोडतंय कोण? सोडू शकेल अशी एकच मुलगी मला ठाऊक होती, आणि ती माझ्याच किचनमध्ये बसून माझे पोहे खात होती.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन; आणि ही बया कुठल्या डोळ्यानं बघू म्हणून रडत बसलेली. हॅम्बर्गला पहिल्या सत्रापासून रुग्ण बघायला मिळतात, पण खोली मिळत नाही. लाइपझिगला खोली मिळते, पण तिथे आधी नुसतं पाठांतर. फेरीबोटीत बसलो तरी हेच, लायब्ररीत गेलो तरी हेच. एकदा मला म्हणाली, "तुझं बरंय बाई, तुला निवडायची कटकटच नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलले असते तर थांबले नसते, म्हणून मी उठून भांडी घासायला घेतली.

शेवटी तिच्या घरच्यांनी ठरवलं, देवीला कौल लावायचा. कोकणात ही रीतच आहे. देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी खूप हसले. म्हणाले, जर्मनीतली विद्यापीठं, आणि ठरवणार कोण, तर झेंडूची पाकळी. पण देवळातून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिच्या पलंगावर, तिच्या शेजारीच बसले होते.

फोन तिच्या आईनं धरला होता. गुरवानं आधी गावातल्या सगळ्या देवांची नावं घेतली, मग म्हणाला, "तर ह्या चेडवाक हॅम्बर्गाकच ठेवचा काय, ता उजवो कौल देवन सांग!" मागून सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. आणि मी, देवळाची पायरी न चढणारी मी, मनातल्या मनात म्हणत होते, डावी पाड गं बाई, डावी पाड. दुसऱ्याच्या देवीला, दुसऱ्याच्या पोरीविरुद्ध. मला त्याची लाज वाटली नाही. पाकळी किती चिवट बसली होती म्हणून सांगू!

डावी पडली.

मला इतका आनंद झाला की मी तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसले. त्या क्षणी मी मनात पांढरा कोटसुद्धा घातला होता. मागे वळले तर ही हुंदके देत होती. तिला हॅम्बर्गच हवं होतं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त तिला माहीत नव्हतं.

फोन उशीवर पडलेला. ती मला म्हणाली, "तू तर हे मानत नाहीस ना? मग तू सांग, काय करू?"

"मीच का? मी त्या यादीत आहे, विसरलीस?"

"नाही विसरले. पण तू मला बरं वाटावं म्हणून कधी काही बोलली नाहीस. म्हणून."

असा संताप आला म्हणता! जागा हिच्याकडे दोन, आणि वर माझ्याकडून खरं बोलण्याचीही अपेक्षा. मी ओरडलेच. "ओली होती, वाळली, पडली! तुझ्या देवीला हॅम्बर्ग कुठं आहे ते तरी ठाऊक आहे का? रडतेयस ना त्याच्यासाठी? मग घे की ते, मेले, आणि माझा पिच्छा सोड!"

उशीवरून तिच्या आईचा आवाज आला. फोन चालूच होता. देवळातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. काकू शांतपणे म्हणाल्या, "देवीनं ह्या लातूरच्या पोरीच्या तोंडान सांगल्यान. रवां दे तिका हॅम्बर्गाक."

तिनं त्याच दुपारी हॅम्बर्गला होकार कळवला. लाइपझिगची जागा तिथल्या यादीतल्या कुणाला तरी गेली असेल. त्या यादीत मी नव्हते. पुढे मलाही मेल आली, दोन ओळींची, यंदाची प्रक्रिया संपल्याची.

तिला हॅम्बर्गला खोली मिळाली नाहीच, म्हणून ती माझ्याच खोलीत राहते. आता ती सकाळी हॉस्पिटलला जाते आणि मी वृद्धाश्रमात कामाला जाते, पुढच्या अर्जाची वाट बघत. संध्याकाळी ती आली की पेशंटबद्दल सांगते, आणि मी भांडी जरा जोरातच घासते. पोटात दुखतं माझ्या. ते तिला कळतं, तरी ती सांगायची थांबत नाही, कारण सांगायला तिला दुसरं कुणी नाही.

परवा काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "बाय, जत्रा इली. औंदा तुझ्यासाठी कौल लावतंय. काय विचारू?"

मी पुढच्या वर्षीचं काहीतरी विचारा म्हणणार होते. पण तोंडातून भलतंच आलं. "काकू, विचारा, त्या दिवशी मी गप्प बसले असते तर हॅम्बर्गची जागा मला मिळाली असती का?"

"झाल्या गेल्याचो कौल लावणत नाय, बाय," त्या म्हणाल्या. "दुसरा काय ता सांग."