भुंगेरेताईंची तीन मिनिटं

सोमवारी ताईंचा भाऊ धर्मापुरीहून आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आला. ताई गेल्या, म्हणाला. त्यांच्याकडची दोन पुस्तकं त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि तो परत गेला.

कॉलेजात त्यांना भुंगेरेताई म्हणत. सीताफळाच्या फुलात शिरून फळ धरवणाऱ्या तिळाएवढ्या भुंगेऱ्यांवर त्यांची पीएच.डी. चालली होती. तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि मोकळ्या वेळी डोंगरात फुलांसमोर बसून राहायचं. कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की त्या हळूच विचारीत, "तुमी बघितलंय का?" सीताफळ मधमाश्यांमुळे धरतं, असं प्राचार्यांनी एकदा भर बैठकीत सांगितलं. ताईंनी त्यांनाही तेच विचारलं. त्यानंतर बैठकांचे निरोप त्यांच्यापर्यंत पोचेनासे झाले. ताईंना त्याचं सुखच वाटलं.

अशा बाईने 'तीन मिनिटांत संशोधन' या स्पर्धेत उभं राहावं, ही त्यांच्या मार्गदर्शकांची अट. पीएच.डी.ची मुदत संपत आली होती आणि ती वाढवून मिळायला त्यांची शिफारस लागत होती. "नंबर आणा, मग बघू," असं ते म्हणाले. शिफारशीवरच्या सहीला नंबर लागत नाही. कॉलेजच्या फलकावर विजेत्याशेजारी आपला फोटो लावून घ्यायला लागतो.

दुपारी वाचनकक्ष रिकामा झाला की ताई माझ्यासमोर सराव करीत. "लावा घड्याळ, भाऊ." पहिलं वाक्य ठरलेलं: सीताफळाचं फूल कधी पुरतं उघडत नाही. शेवटी शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट होईल असं घाला, असा मार्गदर्शकांचा आग्रह होता. "ते मी बघितलं न्हाई," एवढंच ताई म्हणाल्या. स्पर्धेविषयीचं त्यांचं मतही थोडक्यात होतं: "तीन मिनिटांत नेकनूरच्या बाजारात शेळीचे दात बी बघून होत न्हाईत."

तीन मिनिटांच्या त्या स्पर्धेत निम्मी सकाळ सत्कारात गेली. शाली, नारळ, पंख्याच्या वाऱ्यात न पेटणारी समई. सामान्य श्रोते म्हणून पहिल्या वर्षाची पोरं हजेरीच्या धाकाने आणून बसवली होती. सगळे स्पर्धक "कल्पना करा" म्हणून सुरू होत आणि शेर म्हणून थांबत. एकाने कडुनिंबाने कर्करोग बरा केला. दुसऱ्याने मराठवाड्याचा दुष्काळ हटवला. दोघांनाही सारख्याच टाळ्या पडल्या.

मग ताई उठल्या. फुलाचं वाक्य बोलून झालं आणि दारात हलगी वाजली. उद्घाटक आले होते. उद्घाटन त्यांच्यावाचून कधीच उरकलं होतं, तरी सगळी सभा उभी राहिली. परीक्षक हार घेऊन धावले, प्राचार्य वाटेतल्या खुर्च्या सरकवू लागले. ताई मात्र माईकसमोर बोलत राहिल्या. हलगीत त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. घड्याळ सांभाळणाऱ्या गुरुजींना दुसरं काम नसावं. त्यांनी वेळेवर घंटा वाजवली.

उद्घाटक स्थानापन्न झाले. त्यांनी माईक मागवला, ताईंकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "ताई लई भारी बोलल्या. अशा लेकींचा पहिला नंबर काढायला पायजे." परीक्षकांनी माना डोलावल्या. मार्गदर्शकांनी समोरच्या रांगेतून ताईंना नमस्कार करायची खूण केली. वाढीव मुदत त्या एका नमस्काराएवढी जवळ आली होती.

ताईंनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "तुमी ऐकलंय का, दादा?"

मागून एक पोरगं फिसकन हसलं. उद्घाटक हसत म्हणाले, आवाज जरा कमी येत होता. "मग नंबर कशाचा काढता?" ताई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. पहिला नंबर दुष्काळ हटवणाऱ्याला मिळाला.

शिफारस झाली नाही. मुदत संपली, प्रबंध राहिला. ताईंना त्याबद्दल मी एकदाच विचारलं. म्हणाल्या, "भाऊ, न ऐकता दिलेला नंबर घेतला असता, तर पोरांना कोणत्या तोंडानं विचारलं असतं, बघितलंय का म्हणून?" पुढच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली.

परवा शोकसभा झाली. मार्गदर्शक ताईंच्या संशोधनाबद्दल बराच वेळ बोलले; त्यांच्या भाषणातही सीताफळ मधमाश्यांमुळेच धरत होतं. कुणी काही विचारलं नाही.

फलकावर पहिल्या नंबराचा फोटो आहे. ताईंची तीन मिनिटं मला पाठ आहेत.