आतल्या बाजूचा मणी

माझा मामा कवळ्या बनवतो. घासून घासून कवळीची गुलाबी पूड त्याच्या नखांखाली कायमची बसली आहे. गल्लीत त्याला सगळे दातमामा म्हणतात. त्याचे स्वतःचे खालचे चार दात पडलेत, ती गोष्ट वेगळी.

"अहो, जगाला दात देता, स्वतःला कधी?" मामी विचारते.

"माझ्या तोंडाचं माप घेईल असा कारागीर मला अजून भेटायचाय."

त्याचं कामाचं ठिकाण म्हणजे जिन्याखालची एकुलती एक खोली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर घासायची मोटर, प्लास्टरचा डबा, मेण वितळवायचा दिवा. भिंतीवर एक छोटा लाकडी क्रूस, त्यावरसुद्धा पांढरी पूड.

"प्रभूवर किती धूळ बसलीय बघा," मामी पदराने पुसत म्हणते.

"असू दे गं. सुताराच्या घरात वाढलेला आहे तो. त्याला सवय आहे."

असा हा मामा. हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून त्या आठवड्यात त्याचं काय झालं ते मामीने सांगितलं, तेव्हा माझा विश्वासच बसेना. मग मामानेच मान डोलवली. "खरं आहे. तिने थोडं कमीच सांगितलं."

सोमवारी दातांच्या डॉक्टरबाई खोका घेऊन आल्या. खोक्यात एका म्हाताऱ्याच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा होता आणि वर नावाची चिठ्ठी. मामाने चिठ्ठी वाचली आणि स्टुलावर बसला.

नाव उस्तादांचं होतं.

सोळा वर्षांपूर्वी मामा दातांच्या एका मोठ्या कारखान्यात होता. उस्ताद तिथले मुख्य कारागीर. एक दिवस उस्तादांनी कवळ्या शिजवायचं पाणी जास्त तापवलं आणि कवळ्यांची अख्खी खेप फुगे येऊन वाया गेली. मालक आले. उस्तादांनी मामाकडे बोट केलं. "याचे हात थरथरतात, साहेब. मी कधीपासून सांगतोय."

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते शहरातल्या प्रत्येक कारागिराला तेच सांगत सुटले. थरथरत्या हाताला दात कोण बनवायला देणार? दोन वर्षं मामाने गोदामात खोकी उचलली. त्याच दिवसांत मामीची आई आजारी पडली आणि गाडीभाड्याला पैसे नसल्याने मामीला तिच्याकडे जाता आलं नाही. आई गेल्यावरच ती पोचली.

आता ज्या तोंडातून ते खोटं बाहेर पडलं, ते तोंडच मामाच्या तळहातावर होतं. पांढरं, बोळकं, मुकं.

मामाने काम मात्र नीट केलं. मेणात दात बसवले, रंग जुळवला, पुढचे दोन किंचित वाकडे ठेवले, म्हणजे खरे वाटतात. गुरुवारी साचा फोडला, कवळी बाहेर काढली आणि सवयीप्रमाणे आतून अंगठा फिरवला.

अंगठ्याला मणी लागला.

प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की कवळीच्या आतल्या बाजूला खसखशीएवढा मणी उठतो. गुलाबीवर गुलाबी, डोळ्याला दिसत नाही. मामा मोटर लावून तो उडवतो. राहिला तर हिरडीत रुततो, माणूस घासागणिक कळवळतो.

मामाने मोटर हातात घेतली. आणि खाली ठेवली.

"सैतान शिंगं-बिंगं लावून येत नाही," मामा मला म्हणाला. "आपल्यासारखाच टेबलाशी येऊन बसतो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तू घातलास का हा मणी? म्हटलं, नाही. म्हणतो, मग झालं तर! आपोआप आलाय. तू काही करू नकोस, नुसता गप्प बस. मी म्हटलं, डॉक्टरबाईंच्या लक्षात येईल. तर म्हणतो, त्यांच्या हातात रबरी मोजे. मोज्यातून खसखस लागते होय? आणि सोळा वर्षांनी देवानेच तुझ्या हातात दिलंय की!" मामाने मान हलवली. "देवाचं नाव त्याच्या तोंडून आलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मला ते गोड लागलं गं."

त्याने कवळी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि हात धुतले.

संध्याकाळी जेवायच्या आधी दोघं नेहमीसारखी प्रार्थनेला बसली. प्रभूने शिकवलेली प्रार्थना, लग्नापासून रोजची, झोपेतसुद्धा म्हणता येईल अशी. भाकरीची ओळ झाली. क्षमेची ओळ आली, 'आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर', आणि मामाचा आवाज बंद झाला. मामी एकटीच पुढे गेली, मग तीही थांबली.

"काय झालं? ठसका लागला?"

"नाही."

"मग ओळ का गाळली?"

मामाने सांगितलं. नाव, मणी, डबी, सगळं. त्याला वाटलं, ही आता आपल्याला फाडून खाणार. मामी ताट बाजूला सारून म्हणाली, "बोचू दे."

"काय?"

"बोचू दे म्हटलं! माझी आई डोळे लावून बसली होती दाराकडे. त्याला चार दिवस भाकरी चावता आली नाही तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मामा म्हणतो, तेव्हा मी घाबरलो. कारण दुपारचा तो शांत आवाज आणि माझ्या बायकोचा आवाज एकच बोलत होता. सैतान टेबलावरून उठून माझ्या घरात जेवायला बसला होता.

"अगं, हा आपल्याला दोघांनाही पुरून उरेल," मामा म्हणाला. "याच्याशी वाद घालून मी दुपारी हरलोय. वकील आहे तो. आपण मोठ्या माणसाला बोलावू."

मग मामाने प्रार्थना केली, त्या दिवशी पाठ नसलेली. "प्रभू, मला त्या माणसाला दुखवायचंय. अगदी मनापासून. चांगला असल्याचं सोंग तुझ्यापुढे कशाला आणू? हे माझ्याच्याने निघत नाही. मला यातून सोडव."

वीज चमकली नाही. जेवण गार झालं होतं, तसंच दोघं जेवली. फक्त मामी भांडी घासताना हळूच म्हणाली, "सकाळी लवकर उठा. डबी न्यायला येतील."

सकाळी तो आवाज होताच. मामाने त्याला उत्तरच दिलं नाही. "प्रभू, सोडव, प्रभू, सोडव," असं पुटपुटत त्याने मोटर चालू केली. घर्रर्र. तीन सेकंद. अंगठा फिरवला. गुळगुळीत.

शनिवारी डॉक्टरबाईंचा फोन आला. "मामा, जरा दवाखान्यात या. पेशंट कवळी तोंडात घालायला तयार नाहीत. आधी कारागीर पाहिजे म्हणतात."

उस्ताद खुर्चीत बसले होते, गालांची पार खोबण झालेली. हातात कवळी. हात पानासारखे थरथरत होते. मामाकडे न बघता ते कवळीच्या आतून अंगठा फिरवत होते. एकदा, दोनदा, कोपऱ्याकोपऱ्यातून. शेवटी कारागीरच ते.

"मणी नाही," ते बोळक्या तोंडाने म्हणाले.

"नाही."

"आला नव्हता?"

मामा म्हणाला, "आला होता."

उस्तादांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मीच बाईंना म्हटलं, तुझ्याकडेच द्या. रोज वाटायचं, तू ठेवणार. तुझ्या जागी मी असतो तर ठेवला असता रे."

"मीही ठेवला होता. एक रात्र."

डॉक्टरबाईंनी कवळी बसवली. नव्या कवळीने कुणालाच धड बोलता येत नाही. तरी उस्तादांनी तोंड उघडलं. "ते हात… तुझे नव्हते. माझे होते. शगळं… शगळं मी…"

मामाचे डोळे भरून आले होते, पण कारागीर कुठे जातो? "'स' घसरतोय, उस्ताद. साठपासून मोजा बघू."

"शाठ. एकशष्ट. बाशष्ट…" म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते मोजत होते. सदुसष्टला 'स' नीट लागला.

त्या संध्याकाळी मामाने मामीला सगळं सांगितलं आणि दोघं प्रार्थनेला बसली. भाकरीची ओळ झाली. क्षमेची ओळ मामाने म्हटली, जड, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. या वेळी मामीचा आवाज नव्हता.

"मला अजून जमत नाही हो," ती म्हणाली.

"असू दे."

"मला थोडे दिवस द्या."

"मी कोण देणारा? त्याच्याकडे माग," मामा म्हणाला. पण तो पुढची ओळ एकटा म्हणाला नाही. तिचा हात धरून तिथेच थांबला.

बुधवारपर्यंत तो रोज त्याच ओळीवर थांबायचा. गुरुवारी मामीने ती म्हटली. रडत, रागातच, पण पूर्ण.