प्रश्न काढून टाकलेली उत्तरं

दारव्ह्यात घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नाचे व्हिडिओ बनवते. लोकांना वाटतं, एडिटिंग म्हणजे कापाकापी. खरं काम त्याच्या आधीचं असतं. तीन कॅमेऱ्यांतल्या हजारभर क्लिपा पाहायच्या, प्रत्येकीला नाव द्यायचं, हळद एका फोल्डरमध्ये, वरात दुसऱ्यात, रुसलेले जावई तिसऱ्यात. हे मला मनापासून आवडतं. कुणी म्हटलं, ताई, माह्या आजोबाची एखादी क्लिप हाये का, तर मी मिनिटभरात काढून देते.

हे सगळं मला माझ्या एका मित्रानं शिकवलं. आम्ही यवतमाळला कॉलेजात सोबत होतो. पुढे तो पुण्याला गेला, छोट्या फिल्मा करू लागला. मी नवखी होते तेव्हा त्यानं स्वतःचा जुना संगणक मला आणून दिला आणि आठ दिवस शेजारी बसून सॉफ्टवेअर शिकवलं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा माझ्या आधी तोच तिथं पोचला होता. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला तेव्हा मी काही विचारलं नाही.

झरी जामणीकडे एका संस्थेची निवासी शाळा होती. तिथं शिकणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन संस्थेसाठी फिल्म करायची होती. "बाया माह्यासमोर बोलत नाहीत," तो म्हणाला. "तू चाल. प्रश्न तू विचार."

आम्ही एका कोलाम पोडावर गेलो, म्हणजे जंगलाला लागून असलेली वीस-पंचवीस घरांची वस्ती. तिथल्या अंगणवाडी सेविकेनं आम्हाला एका म्हातारीकडे नेलं. तिची आठ वर्षांची नात त्या शाळेत होती. पोरीची आई वारलेली, बाप तेलंगणात कामाला. म्हातारी आधी कॅमेऱ्याकडे पाहीचना. मी तिच्याजवळ खाली बसले, तिच्या सुपातला अंबाडीचा पाला तिच्यासोबत खुडू लागले, तेव्हा कुठं ती बोलती झाली.

"मावशी, तिले तिथं करमते का?"

"कायचं करमते! फोन लावला का रडते. म्हणते, बुढे, मले घेऊन जाय."

"अन् सुट्टीत घरी येते तवा?"

"तवा लई खूश राह्यते. नाचते, गाणे म्हणते, दिवसभर बडबड करते." एवढं बोलताना म्हातारीचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले.

घरी आल्यावर मी नेहमीसारखी गावांप्रमाणे, माणसांप्रमाणे फोल्डर लावू लागले. त्याचा फोन आला. "माणसांनुसार नको. भावनेनुसार लाव. खूश, भावुक, आभार, हसू. अन् प्रश्न काढून टाक, तुहा आवाज नको. फक्त उत्तरं ठेव. कटिंग मी करतो."

मी तसंच केलं. पाच दिवस लागले. ‘लई खूश राह्यते’ हे वाक्य मी माझ्या हातानं पुढून-मागून कापलं आणि ‘खूश’मध्ये टाकलं. तिचं रडणं ‘भावुक’मध्ये गेलं. इतकं नीटनेटकं काम मी कधी केलं नव्हतं. त्याचाही मेसेज आला, "मानलं तुले!" मूळ क्लिपांची एक प्रत मी सवयीनं माझ्याकडे ठेवली होती.

चारेक महिन्यांनी त्या अंगणवाडी सेविकेचा फोन आला. तिचा आवाज चढलेला होता. "ताई, मावशीनं त्या पिक्चरमधी हे काय म्हटलं? ती नातीले घरी आणाले गेलती. शाळेतल्या सरांनी तिले मोबाइलवर दाखवलं, म्हणे, तुम्हीच तर सांगून राह्यल्या पोरगी खूश हाये म्हणून!"

फिल्म झाल्याचंच मला ठाऊक नव्हतं. सेविकेनं लिंक पाठवली. सुरुवातीला शाळेचं मैदान, रांगेत उभी मुलं, मग एक गोड आवाज विचारतो, शाळेत आल्यापासून मुलांमध्ये काय बदल झाला? आणि लगेच म्हातारी: "लई खूश राह्यते. नाचते, गाणे म्हणते." मग बासरी. बासरीवर तिचे भरलेले डोळे, आणि तो आवाज कृतज्ञतेबद्दल काहीतरी सांगतोय. शेवटी नावं आली. दिग्दर्शक म्हणून माझ्या मित्राचं. संपादक म्हणून माझं.

मी त्याला फोन लावला.

"ती घरी आल्यावरचं बोलत होती," मी म्हटलं. "प्रश्न मीच विचारला होता. तुले माहीत होतं."

"मी एक तरी शब्द माह्या मनचा घातला का? तिचेच शब्द हायेत."

"अन् माहं नाव कायले टाकलं?"

"अवं, चांगल्यासाठीच टाकलं. लावलं तर तूच होतं सगळं."

मी फोन ठेवला. तो खोटं बोलला असता तर मी भांडले असते.

मी पुन्हा सगळ्या मूळ क्लिपा काढल्या. तिचा अख्खा अर्धा तास, प्रश्नांसकट, जसा घडला तसा टाइमलाइनवर ठेवला. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क घेऊन पोडावर गेले. म्हातारी दारातच होती. तिनं मला बस म्हटलं नाही.

"तुह्याकडं पाहून बोलली होती मी," ती एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, शाळेत चाला माह्यासंगं. तिनं चप्पल घातली.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. ‘मले घेऊन जाय’पर्यंत आल्यावर ते म्हणाले, "बंद करा." पुढे बरंच समजावलं त्यांनी, वर्ष मधेच सोडू नका, पुन्हा जागा मिळणार नाही. म्हातारीनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पोरगी द्या." दुपारपर्यंत कागद झाले. पोरगी पत्र्याची पेटी ओढत आली आणि आजीच्या कमरेला चिकटली. ती आता पोडाजवळच्या गावातल्या शाळेत जाते, असं सेविका सांगते.

पोडावर परतल्यावर म्हातारीनं हार्ड डिस्ककडे बोट दाखवलं. "यातच हाये का मी?"

"हो."

"पुसून टाक."

मी घुटमळले. तिनं खरं काय सांगितलं होतं, आणि मी काय विचारलं होतं, याचा माझ्याजवळ तेवढाच पुरावा होता. उद्या कुणी बोट दाखवलं तर मी काय दाखवणार? तरीही तिच्यासमोर अंगणात बसून फोल्डर पुसलं. स्क्रीनवरची हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाईतो ती पाहत उभी होती. मग नातीला घेऊन आत गेली.

मित्राकडची प्रत त्याच्याकडेच आहे. फिल्मही अजून तशीच आहे, खाली माझ्या नावासकट.