आधी बसा

काशीनाथ गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच वहीची झेरॉक्स तपासत बसलो होतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शाळा करता करता त्यांनी जमवलेले शब्द, ते पुस्तकासाठी नीट लावून द्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलेलं. सगळं झालं होतं, फक्त 'शीण' या शब्दापुढची जागा कोरी होती...

मी मुळात पुण्याचा, आणि घाईचा. पहिल्यांदा गुरुजींबरोबर वांगणीला गेलो, तेव्हा एक म्हातारी डोक्यावर नागलीचा भारा घेऊन अंगणात आली. मी तिथंच वही उघडून विचारलं, "आजी, शीण कशाला म्हणता तुम्ही?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरुजींनी माझी बाही ओढली. "अहो, भारा तरी उतरू द्या तिचा!" तिथली रीतच तशी. आलेल्याला पाणी द्यायचं, चटई टाकायची, आणि तो आपणहून बोलेपर्यंत काही विचारायचं नाही. गुरुजी शाळेतही ती पाळत. लांबून चालत आलेली पोरं उशिरा पोचली तर आधी बसवत, हजेरी मागाहून.

मी त्यांना सांगितलं, कोशात 'क्षीण'वरून आलाय म्हणून दिलंय. क्षीण म्हणजे झिजलेला, उणा झालेला. लिहून मोकळे व्हा. ते हसले. "झिजलेलं परत भरत नाही हो. आमच्या माणसांचा शीण तर उतरतो." मी चिडलो. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटची भेट ते दवाखान्यातून घरी आल्यावरची. गुरुजींच्या पत्नीनं, वहिनींनी, पाण्याचा तांब्या ठेवला, चटई टाकली. मी दारातच उभा. "जीप चुकेल, गुरुजी. तेवढा अर्थ सांगा." त्यांना धाप लागली होती. "लिहितो... तुम्ही बसा तर आधी." मी बसलो नाही. पंधरा मिनिटं बसलो असतो तर माझं काय बिघडणार होतं?

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. वहिनींनी तांब्या ठेवला, चटई टाकली. या वेळी बसलो. त्यांनी काही विचारलं नाही, मीही वही मागितली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनीच ती आणून दिली. 'शीण'पुढे गुरुजींच्या अक्षरात लिहिलं होतं, "मूळ क्षीण असेल. अर्थ, आलेल्या माणसाला आधी बसू द्यावं." खाली तारीख होती, मी उभ्या उभ्या निघालो त्या दिवसाची.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बसूनच राहिलो.