काडेपेटीतलं मीठ

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. मुलांनी थोरल्या काकांबद्दल विचारलं की ‘छातीच्या दुखण्यानं गेले’ एवढंच सांगायचो आणि बोलणं उसाकडे वळवायचो. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यात वहिनी नसायच्या आणि काडेपेटीही नसायची.

आम्ही कळंबचे. कालव्याचं पाणी मिळालेली जमीन, थोडा ऊस, बाकी वांगी, कांदा, मिरची. साल नेमकं कुठलं ते आता डोक्यात घोटाळतं. पन्नासच्या पुढचं, एवढं नक्की. माझा थोरला भाऊ, दादा, पस्तिशीचा असेल, मी बावीस-तेवीसचा. पिकाला पाणी देताना दादा दोन सऱ्या झाल्या की बांधावर बसायला लागला. आधी आम्ही चेष्टा केली. पुढं त्याला आडवं झालं की गुदमरायला लागलं, म्हणून तो पोत्याला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. आईनं मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मग पावलं सुजली, पायात वहाण जाईना, तेव्हा त्याला बारामतीच्या डॉक्टरकडे नेलं.

दादा आणि वहिनी आत गेले. मी बाहेर बैलांपाशी थांबलो. सगळा घोटाळा तिथंच सुरू झाला असं मला कधी कधी वाटतं. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही. ऐकलं ते दादाच्या तोंडून.

“हार्ट मोठं झालंय म्हनं माझं,” दादा गाडीत हसत म्हणाला.

घरी आई म्हणाली, “काळीज मोठं असल्यालं वाईट व्हय? बारक्या काळजाची मानसं वाईट.”

“आत्याबाई, तसं न्हवं,” वहिनी म्हणाल्या. “मोटंचा बैल थकतो तसं थकलंय त्ये. पानी उपसंना, म्हनून अंगात साचतंय. गोळी हाय, आठवड्याला इंजेक्शन हाय. आन् मीठ बंद. एक खडासुदिक न्हाय.”

“आली डॉक्टरीन,” आई म्हणाली.

हार्टाचा रोग शेठ लोकांना होतो, गादीवर बसणाऱ्यांना, अशी आमची समजूत. कांदा-भाकरी खाणाऱ्याला तो कुठून होणार? वहिनी सांगवीच्या, चौथी शिकलेल्या. आमच्या घरात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, आणि म्हणूनच बहुतेक त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

दादाचं कालवण त्या वेगळ्या मडक्यात करायच्या. लिंबू पिळायच्या, लसूण जास्त घालायच्या. स्वतःही तेच अळणी जेवायच्या, त्याला एकट्याला खावं लागू नये म्हणून. रोज सकाळी त्याच्या नडगीवर अंगठा दाबून बघायच्या. खड्डा राहिला तर पाणी आहे, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. महिनाभरात खड्डा पडेनासा झाला. दादा आडवा होऊन झोपला. सकाळी वहिनींनी शेजारणींना गूळ वाटला.

पण आमच्याकडे अळणी जेवण माणसापुढं ठेवत नाहीत. भावकीतला कुणी आला की दादाच्या कालवणात बोट घालून चाखायचा आणि म्हणायचा, “ही बायकू हाय का वैरीन?” वहिनी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहायच्या.

एक दिवस रानात दादा मला म्हणाला, “लेका, जीभ मेली माझी. माती खाल्ल्यावानी लागतंय. एक खडा आन की.”

“आन् वैनी?”

“वैनीला कशाला सांगतो? मी बरा झालो न्हाय का?”

तो बरा दिसतच होता. ताप उतरला की पथ्य संपतं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पथ्य पाळूनच माणूस बरा दिसतो आणि ते सोडता येत नाही, असला रोग आम्ही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या काडेपेटीत खडेमीठ भरून नेलं. दादानं खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग कांदा, हिरवी मिरची, दोन भाकरी. किती दिवसांनी तो पोटभर जेवला होता. मला फार बरं वाटलं. मग ते रोजचंच झालं.

आठ-दहा दिवसांत दादाचा चेहरा भरला, गाल वर आले. आई म्हणाली, “अंग धरलं गं बाई माझ्या लेकानं.” मलाही तसंच वाटलं, आणि ते माझ्या मिठानं झालं असं वाटून मनातून मी फुगलो.

वहिनी मात्र घाबरल्या. त्यांनी मला बोलावलं आणि माझ्यासमोर दादाच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

“भावजी, तुमी रानात काय देता का ह्यांना?”

दादा माझ्याकडे बघत होता. मी “न्हाय” म्हणालो.

“शपथ?”

“शपथ.”

त्यांनी विश्वास ठेवला. मडकं बदललं. पीठ वेगळं दळून आणलं. ताक बंद केलं. मीठ कुठून येतंय ते त्या घरभर शोधत राहिल्या आणि ते माझ्या बंडीच्या खिशात होतं. दोन दिवस मी नेलं नाही. दादा रुसला, जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. का नेलं? एकीकडे तो खड्डा दिसत होता, दुसरीकडे भरलेले गाल. दोन्ही खरं कसं असेल, हे मला कळत नव्हतं. आईचं खरं वाटणं सोपं होतं.

बेंदराच्या सणाच्या आधल्या आठवड्यात दादा गेला. बारामतीच्या वाटेवर, गाडीत, बसल्या बसल्या.

दहाव्याला आई सगळ्यांदेखत म्हणाली, “अळणी घालून घालून वाळवला माझा लेक.” सुजून गेलेल्या माणसाला वाळवला म्हणतात, हे कुणाला खटकलं नाही. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो. वहिनींना मूलबाळ नव्हतं. महिन्याभरात त्यांचा भाऊ आला आणि त्यांना सांगवीला घेऊन गेला.

उरलेल्या गोळ्या परत द्यायला मी बारामतीला गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, “मीठ बंद होतं ना?”

“होतं, साहेब.”

“मग इतक्या लवकर कसं?” त्यांनी गोळ्या खणात टाकल्या. “तसेही फार दिवस नव्हतेच म्हणा.”

फार म्हणजे किती? वर्ष? पाच वर्षं? हे मी तेव्हा विचारलं नाही. आता माझ्याच पायांवर सूज येते, मलाच मीठ बंद आहे, आणि आजच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, इतक्या जुन्या केसचं काय सांगणार.

दोन-तीन वर्षांनी मी सांगवीला गेलो. वाक्य तयार होतं. बारामतीपासून सबंध वाट तेच घोकत गेलो होतो. वहिनींनी ताट वाढलं, उजव्या बाजूला चिमूटभर मीठ ठेवलं. त्यांच्या ताटात नव्हतं.

“तुमाला मीठ?” मी विचारलं.

“माझं अळनीच. सवय झाली जिभंला.” मग हातातला घास तसाच धरून म्हणाल्या, “भावजी, एक विचारू? माझं कुठं चुकलं? मी तर एक खडासुदिक पडू दिला न्हवता.”

“तुमचं काय चुकलं न्हाय, वैनी.”

“मग?”

मी भाकरी मोडत राहिलो. त्या वाट बघत होत्या. मग मी म्हणालो, “चलतो. मोटार चुकंल.”

वहिनी जाऊनही आता खूप वर्षं झाली. वाक्य तेवढंच होतं: वैनी, मीठ मी देत होतो. मला माफ करा.