डोळ्यातलं मीठ

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला नर्स होऊन वर्षही झालं नव्हतं आणि भोरच्या एका शाळेत मोतीबिंदूचं शिबिर लागलं होतं. बाकं जोडून ऑपरेशनची टेबलं केली होती. मला माझ्या स्वच्छतेचा भारी तोरा. डोळा आतून धुवायला ठरावीक मिठाचं पाणी लागे, त्याच्या बाटल्या डॉक्टर पुण्याहून आणत. हाताशी होती ती बाटली संपली. दुसरी पेटीत होती, पण मी इंजेक्शनांसाठी ठेवलेलं शुद्ध पाणीच भरून दिलं. डोळ्यात मीठ कशाला घालायचं, याहून स्वच्छ ते काय असणार! अतिशहाणपण नडलं.

टेबलावर हिर्डोशीच्या एक आजी होत्या. भात झोडताना कुसळ लागून त्यांचा डावा डोळा कधीच गेला होता. उरला होता हा एकच. मोतीबिंदू निघाला, डॉक्टरांनी मी दिलेल्या पाण्याने आत धुतलं आणि बघता बघता बुबुळावरची काच दुधाळ झाली.

"पाणी कुठलं?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत, याचंच मला जास्त लागलं. पेटीतली बाटली मागवून त्यांनी पुन्हा धुतलं, टाके घातले आणि मला बाहेर नेऊन समजावलं. त्या काचेच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. काचेत मुरणारं पाणी तो सतत बाहेर उपसतो, म्हणून आपल्याला दिसतं. पाण्यात अंगातल्याइतकं मीठ असलं तर त्या पेशी सुखात असतात. नुसत्या पाण्यात फुगतात, मरतात. मेलेल्या परत येत नाहीत.

"किती उरल्यात, ते आठवड्यात कळेल," ते म्हणाले.

आजी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताण्या पडलेल्या. "बाई, तुमी लई मायाळू हाय," म्हणायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज पट्टी सोडून डॉक्टर बॅटरी मारत. दोन दिवस नुसतं धुकं. तिसऱ्या दिवशी बाहुलीची कड दिसली. पाचव्या दिवशी अख्खी बाहुली. थेंब आम्ही घालत होतो, पण पाणी उपसत होत्या त्या उरलेल्या पेशी, नजरेलाही न दिसणाऱ्या, मीच अर्धमेल्या केलेल्या. कुणाला न सांगता, न थकता. एवढा अचंबा मला पुढे उभ्या आयुष्यात कशाचा वाटला नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी आजींना जाड भिंगाचा चष्मा लावला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आगं बया, ही तर पोर हाय!"

मला राहवेना. "आजी, डोळा धुवायला मी चुकीचं पाणी दिलं होतं. माझ्यामुळं तो जाणार होता."

आजींनी न चाचपडता, नेमका हात पुढे करून माझी हनुवटी धरली.

"मग खाली काय बघतीस? आता दिसतंय मला, तर वर बघ की."